शेवटच्या पंगतीतलं मशीन

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे खरं आहे. फौजेत होतो तेव्हाही होता, आणि रिटायर होऊन सांगलीला आलो तर तोही सामानाबरोबर आला. पण त्या शनिवारी अमृत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, मी बंगळुरूला जातो," तेव्हा जे काही आलं त्याला राग म्हणता येणार नाही. धास्ती होती ती. आता धास्ती वाटली हे आपल्याला दाखवता येत नाही, म्हणून मी ओरडलो.

"बंगळुरूला? कशाला? इडल्या खायला?"

"नोकरी मिळालीया तितं. सोमवारी कोयनानगरची मानसं येत्यात न्हवं? त्येंला सांगा, हे काम दुसऱ्या कुनाकडनं करून घ्या. माझ्याच्यानं झालं न्हाई."

"आन् शिवा?"

तो चपलेकडं बघत राहिला. "तिला आजून सांगितलं न्हाई. तुमीबी एवढ्यात सांगू नगा."

"मी शब्द दिल्याला न्हाई हां," मी म्हणालो. "आधीच सांगून ठेवतो."

शिवा म्हणजे शिवांजली. माझ्या थोरल्या भावाची मुलगी आणि ह्या अमृतची बायको. आमचं गाव रहिमतपूरच्या खाली, घरचा ऊस, आणि घरटी एक माणूस फौजेत. मी सिग्नल्समधला सुभेदार. बाहेर पडल्यावर मी आणि शिवानं मिळून विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस काढलं. बोर्डावर नाव माझं आहे, पण काम कळतं ते तिला. मी लालासाहेब नुसता दारात बसून लोकांवर डाफरतो.

आमचा धंदा म्हणजे कंप्युटर वापरायला देणं, पण डबा उचलून देत नाही. मागच्या थंड खोलीत मोठी मशीनं आहेत. एकेकाच्या पोटात शिवा बरीच व्हर्च्युअल मशीनं बसवते. साखर कारखान्याचं एक, कॉलेजचं एक, हळदवाल्यांचं एक. प्रत्येकाला वाटतं सगळं मशीन आपलंच. खरं तर एकाच प्रोसेसरवर सगळे पाळीपाळीनं काम करत असतात, आमच्या विहिरीवरच्या मोटारीसारखे. आज थोरल्याची पाळी, उद्या धाकट्याची, आणि विहीर कुणा एकाच्या बापाची नाही.

अमृत जतचा. तिकडं पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी ज्वारीही. आईला तो अव्वा म्हणतो. पोरगं असं शांत की त्याला राग आलाय हे दोन दिवसांनी कळतं. शिवानं ह्याच्याशीच लग्न करणार म्हटल्यावर आमच्या भावानं वर्षभर तोंड फिरवलं होतं. आता जावई आले म्हटलं की तोच गाडीला किक मारून मटण आणायला पळतो. मेल्याला चिडवतो मी त्यावरनं.

ह्या अमृतनं एक प्रोग्रॅम लिहिलाय. कोयनानगरच्या बाजूला जमीन अधूनमधून हलते, तिथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही, भांडी वाजली की म्हणतात आला आणि गेला. पण घाटात दगड सुटतात. म्हणून तिथल्या काही गावांनी समिती करून घाटात हादरे टिपणारी यंत्रं बसवली. हादरा आला की ती माहिती आमच्याकडं येते, अमृतचा प्रोग्रॅम हिशोब करतो आणि कुठल्या वळणावर दरड यायचा धोका आहे ते घाटाच्या दोन्ही तोंडांना कळवतो. मग एस.टी., जीपगाड्या जागच्या जागी थांबतात. निरोप लगेच गेला तर उपयोग, नाहीतर काय कामाचा?

वर्षभर लगेच जात होता. दिवाळी झाली आणि उशीर व्हायला लागला. रोज नाही. कधी कधी. एकदा निरोप पोचेपर्यंत मुलांनी भरलेली गाडी ते वळण ओलांडून पुढं गेली होती. दगड आले नाहीत, देवाची कृपा. पण समितीचा इंद्रजित म्हणून इंजिनियर आहे, त्यानं फोन करून सांगितलं, सोमवारी येतो, उशीर कशामुळं होतो ते दाखवा, नाहीतर आम्ही हे काम काढून घेतो. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याची स्वतःची मुलगी त्या गाडीत होती.

तेव्हापासून अमृतनं प्रोग्रॅम वरनं खाली, खालनं वर किती वेळा वाचला असेल! त्याला चूक सापडेना. आणि चूक सापडत नाही म्हणजे आपल्यालाच ती दिसत नाही, आपण हलके आहोत, असं त्यानं ठरवून टाकलं. लाजाळू माणसाचं हे असं असतं बघा. दुसऱ्याला शिव्या द्यायच्या सोडून स्वतःला देत बसतो.

एक इलाज होता. प्रोसेसरच्या पोटात मोजणारे काउंटर असतात. किती हुकूम पाळले, आणि हाताशी सामान नाही म्हणून किती वेळा लांबच्या मेमरीपर्यंत हेलपाटा घालावा लागला, सगळं ते मोजतात. ते बघितले की कळतं प्रोग्रॅम आळशी आहे की त्याला कुणी थांबवून ठेवतंय. पण व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून ते काउंटर बघायला गेलं की उत्तर यायचं, सोय उपलब्ध नाही. ते काउंटर बाहेरच्या मोठ्या मशीनच्या मालकीचे. आतल्या बिऱ्हाडकरूंना ते दिसायचे नाहीत. ती सोय करून देणं शिवाच्या हातात होतं.

आणि अमृत दोन महिने तिच्याकडं तीच मागत होता.

इथं आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला पाहिजे. चुलता, पुतणी आणि जावई एकाच ठिकाणी काम करतात म्हटल्यावर गावभर बोललं जाणारच, घरचाच कारभार हाय म्हणून. म्हणून शिवानं पहिल्या दिवसापासून दंडक घातला. ऑफिसात नाना नाही, सर. ऑफिसात अहो नाही, मिस्टर अमृत. तो बिचारा तिला मॅडम म्हणतो. सकाळी एकाच गाडीवरनं येतात, जिना चढून वर आले की "गुड मॉर्निंग मॅडम." मला हसू आवरत नाही. दुपारी सगळे एकत्र जेवतो, तेव्हाही तीच गत. ती सगळ्यांना वाढणार, कॉलेजातली शिकाऊ मुलं असली तर त्यांना आधी, मला नंतर आणि अमृतला सगळ्यात शेवटी. पुष्कळदा त्याच्या ताटात मोडकी भाकरीच येते. आमच्या गावाकडं कार्यात हेच असतं. पाहुणे पहिल्या पंगतीला, घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, आणि उरलंसुरलं गोड मानून घ्यायचं. ते बाळकडू आहे तिचं.

मी एकदा म्हणालोही होतो, "अगं, पर जावई पयल्या पंगतीला असतो की."

"ऑफिसात जावई बिवई कोण नाही, सर," ती म्हणाली. संपला विषय.

त्यामुळं अमृतनं काउंटर मागितले की ती कारणं सांगायची. एकाला सोय दिली तर शेजारच्याचं काम त्याच्या मोजणीतनं डोकावेल. चालू मशीन एका डब्यातनं दुसऱ्यात हलवायचं झालं तर आकडे बिघडतील. कारणं खोटी नव्हती. पण हळदवाल्यांनी मागितलं असतं तर तिनं बसून सगळी कारणं निस्तरली असती. नवऱ्यानं मागितलं म्हणून नाही. त्याचे लाड केले असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठी.

तर त्या शनिवारी अमृत गेला आणि मी उठून सरळ आतल्या खोलीत गेलो. शब्द दिलेला नव्हताच.

"तुझा नवरा बंगळुरूला निघालाय," मी म्हणालो.

शिवा स्क्रीनकडंच बघत होती. "कधी येणारेत परत?"

"परत कुठला येतोय! नोकरी धरलीया. प्रोग्रॅम आपल्याला जमला न्हाई म्हनून तोंड लपवाय चाललाय."

तिचे हात थांबले. आमच्या घरच्या बायकांना राग आला की त्या भांडी आपटतात. इथं भांडी नव्हती, तिनं खुर्ची मागं ढकलली ती भिंतीवर जाऊन आदळली.

"आणि हे मला तुम्ही सांगताय? ते नाही?"

"त्येला तुझं भ्या वाटतं, मॅडम."

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम लहानपणी शाळेतनं रडत यायची तसा झाला. "नाना," ती म्हणाली, ऑफिसात, बाहेर शिकाऊ मुलांना ऐकू जाईल असं, "ते गेले तर मी काय करू?"

मी म्हणालो, "आधी त्याला बघू तर दे, चूक त्याची हाय का न्हाई." आणि बाहेर येऊन शिकाऊ मुलांवर उगाच खेकसलो.

रविवारी ऑफिस बंद असतं. मी विष्णुघाटावर फिरून येता येता सहज डोकावलो, तर दोघंही हजर. शिवा केस वर बांधून बसलेली, पदर खोचावा तशी ओढणी खोचलेली. अमृत बाजूला उभा, शाळेत चूक केलेल्या मुलासारखा.

"बसा खाली," ती त्याला सांगत होती. "मी आज तुमच्या मशीनला काउंटरची सोय करून देणार. चूक तुमची निघाली तर आपण दोघं मिळून काढू. आणि नाही निघाली तरी मिळून बघू. पण न बघता जायचं नाही. मला न सांगता तर नाहीच नाही. कळलं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात! बायको आहे मी तुमची, पोलीस पाटील नाही."

"कळलं," अमृत म्हणाला.

"काय कळलं?"

"न बघता जायचं न्हाई."

ती कामाला लागली. थोड्या वेळानं अमृत उठून गॅलरीत गेला आणि फोनवर बोलायला लागला. कन्नड होतं, मध्येच इंग्रजी. मला वाटलं अव्वाशी बोलतोय की काय, पण अव्वाशी इंग्रजी कशाला बोलेल? मग म्हटलं, असेल कुणी मित्र. परत आला तेव्हा चेहरा बरा दिसत होता. मी खालच्या टपरीवरनं चहा आणायला गेलो.

चहा घेऊन येतो तर आत हसणं चाललेलं. शिवानं सोय चालू केली होती आणि पहिलाच आकडा भलताच आला होता. अमृतचा प्रोग्रॅम गप्प बसलेला, काही काम नाही, तरी काउंटर धावतोय.

"माझ्या कळपात कुनाची तरी मेंढरं घुसल्याती," अमृत म्हणाला.

"घुसणारच," शिवा म्हणाली. "पाळी संपली तरी मी तुमचा काउंटर चालूच ठेवलाय. दुसऱ्याचं काम तुमच्या नावावर पडतंय."

हे मला पटकन कळलं. विहिरीवर मोटार एक, मीटर एक. थोरल्याची पाळी संपली की त्याचं रीडिंग बाजूला लिहून ठेवायचं, मगच धाकट्यानं बटण दाबायचं. आमच्याकडं भावाभावात रीडिंग कसलं घ्यायचं म्हणून कुणी घेत नव्हतं, आणि मग वर्षाला एकदा बांधावर उभं राहून भांडायचे. शिवा हे बघतच वाढलेली. पाळी संपली की अमृतचा आकडा उचलून बाजूला ठेवायचा, पुढची पाळी आली की तोच आकडा परत मांडून तिथून पुढं मोजायचं, असं तिनं केलं. आणि अमृतला फक्त स्वतःचाच आकडा दिसेल, शेजाऱ्याचा एक दाणाही दिसणार नाही, हेही बघितलं. त्यात दुपार गेली. मग प्रोग्रॅम गप्प बसला की काउंटरही गप्प बसायला लागला, आणि शिवानं टाळी वाजवली.

सोमवारी सकाळी खरी परीक्षा. इंद्रजित दुपारपर्यंत येणार होता. अमृतनं जुने हादरे एकामागनं एक प्रोग्रॅमला खायला घातले आणि आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. पहिले काही हादरे झरझर गेले. मग एकदम रखडला. मग पुन्हा झरझर.

"बघा," अमृत म्हणाला. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हुकूम तेवढंच पाळलंत. चांगला चालला तवाबी तेवढंच, रखडला तवाबी तेवढंच. पर रखडला तवा लांबचं हेलपाटं बघा, किती वाढल्यात. हाताशी ठेवल्यालं सामान कुनीतरी उचलून न्यायलंय. दरएक वस्तू लांबनं आनाय लागतीया."

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे प्रोग्रॅम आळशी न्हाई, नाना." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "माझं काम बरूबर हाय."

ते पोरगं एवढं मोठं झालंय, पण त्या वेळी मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? पाठीत एक धपका घातला, त्यावर भागवलं.

शिवा मात्र हसली नाही. कोणाचं मशीन कोणाशेजारी बसवलंय हे फक्त तिलाच दिसतं. ती दुसरी खिडकी उघडून बघत बसली. मग घड्याळाकडं बघितलं, मग पुन्हा स्क्रीनकडं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. म्हणजे झालं होतं.

मी तिच्या खांद्यावरनं वाकून बघितलं. अमृतच्या मशीनच्या शेजारी, एकाच प्रोसेसरवर, साखर कारखान्याचं मशीन. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की त्या मशीनला काम काय विचारता! हाताशी सामान ठेवायची सगळी जागा तेच व्यापायचं, आणि अमृतचं हाताशी मांडलेलं सामान बाहेर फेकलं जायचं. पाळी त्याला पुरी मिळत होती, कुठं काही कमी दिसत नव्हतं. पानावर बसायला जागा होती, फक्त वाढायची भांडी दर वेळी लांबच्या चुलीवरनं आणायला लागत होती. कुणालाही कसं कळावं?

कारखान्याशेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. गेल्या हंगामात कॉलेजनं तक्रार केली, त्यांना हलवलं. हळदवाल्यांनी केली, त्यांना हलवलं. शेवटी ह्या हंगामाच्या तोंडावर शिवानं घरचा माणूस तिथं बसवला. घरचा माणूस तक्रार करत नाही.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. इंद्रजित आला.

माणूस धिप्पाड, पण थकलेला. घाटातनं पहाटे निघाला असणार. पाणी प्यायला, बसला आणि म्हणाला, "सुभेदार साहेब, आडपडदा ठेवू नका. उशीर कुणामुळं होत होता?"

मी तोंड उघडायच्या आत अमृत बोलला. "माझ्यामुळं, साहेब. प्रोग्रॅममदी एक चूक हुती. काल सापडली. दुरुस्त केली."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. अर्ध्या तासापूर्वी ह्याच माणसानं, माझं काम बरूबर हाय म्हणून तोंड पुसलं होतं. दोन महिने स्वतःला कोसत होता, आणि आता निर्दोष सुटला तर बायकोवर बोट येऊ नये म्हणून पुन्हा स्वतःच्याच गळ्यात दोर घालून घेत होता. इतका राग आला मला त्याचा, आणि इतकी माया आली, की काय करावं सुचेना.

"खोटं बोलू नका!" शिवा कडाडली.

इंद्रजित दचकला. बाटली हातातनं निसटता निसटता राहिली.

"साहेब, ह्यांच्या कामात काडीची चूक नाही," शिवा म्हणाली. ती उभी राहिली होती. "चूक माझी. मी ह्यांचं मशीन वाईट जागी बसवलं. घरचे आहेत, म्हणून मागं बसवलं. ते मला दोन महिने सांगत होते, मोजायची सोय करून द्या, आणि मी दिली नाही, का तर लोक म्हणतील नवऱ्याचे लाड करते. काल दिली. हे बघा आकडे. हा कारखान्याचा काटा चालू झाला, हे ह्यांचे हेलपाटे वाढले. काटा थांबला, हे कमी झाले. तुमची मुलगी त्या गाडीत होती. मला तुमच्याकडं मान वर करून बघता येत नाही, पण खोटं सांगणार नाही."

अमृत म्हणाला, "शिवा, आगं..." ऑफिसात. मॅडम विसरला.

इंद्रजितनं खुर्ची पुढं ओढली. आकडे बराच वेळ बघितले. "आता ते मशीन हलवलं तर?"

शिवा बसली. कारखान्यापासनं लांब, रिकाम्या प्रोसेसरवर तिनं अमृतचं मशीन हलवलं. मशीन चालूच होतं. आकडे बिघडतील ही भीती होती, पण तिच्यावर इलाज होता. काउंटर तिनं नीट गुंडाळून बरोबर नेले आणि तिकडं जसेच्या तसे मांडले. अमृतनं तेच हादरे परत सोडले. एकही रखडला नाही. कारखान्याचा काटा तिकडं जोरात चालू होता, इकडं ह्याला त्याचा पत्ता नाही.

इंद्रजित उठला. "ह्याआधी दोन ठिकाणी फिरलो मी ह्या कामासाठी," तो म्हणाला. "उशीर झाला की सगळे दुसऱ्याकडं बोट दाखवायचे. इथं दोघं भांडतायत की चूक माझी, चूक माझी. काम राहू द्या तुमच्याकडंच. फक्त हे आकडे मलाही दिसतील अशी सोय करा. माझी पोर रोज त्याच गाडीनं जाते."

"करते," शिवा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती.

जेवायची वेळ झाली होती. इंद्रजितलाही बसवलं. टेबलावर डबे उघडले, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. शिवानं पहिली भाकरी घेतली, अख्खी, कुठंही न मोडलेली, आणि पाहुणा बाजूला, मी बाजूला, ती अमृतच्या ताटात ठेवली. शिकाऊ मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

"मॅडम, आधी पावन्यांना," अमृत पुटपुटला.

"जेवा गुमान, अहो," ती म्हणाली.

अहो! विश्रामबागेत, ऑफिसात, सगळ्यांसमोर. मी चटणीचा डबा पुढं ओढला आणि मुद्दाम विषय काढला, कारण मनातला तो सल काढल्याशिवाय मला घास गिळता आला नसता. "व्हय रं अमृत, आता आकडं तुझ्या बाजूनं लागलं. त्या बंगळुरूवाल्यांना काय सांगनार?"

"सांगितलं की," तो म्हणाला.

"कवा?"

"काल. रविवारी सकाळीच. गॅलरीतनं."

शिवाचा वाढता हात थांबला. "काल सकाळी? काल सकाळी तर काउंटर चालूही झाले नव्हते. चूक तुमची का माझी, काहीच माहीत नव्हतं."

"न्हवतंच," अमृत म्हणाला. भाकरी मोडत, तिच्याकडं न बघता. "तू म्हनलीस न्हवं, चूक माझी निघाली तरी दोघं मिळून काढू. मग म्हनलं, आता काय निघायचं त्ये निघू दे."

"मग दिवसभर आकडे कशाला बघत बसलात?"

"तू एवढं मन लावून करत हुतीस. उठावंसं वाटंना."

शिवानं डब्यातली दुसरी भाकरी काढली, तीही त्याच्याच ताटात ठेवली, आणि मग स्वतःचं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसली. आम्हाला वाढायचं ती साफ विसरली. इंद्रजितनं आणि मी आपापलं वाढून घेतलं.